राजकमल कलामंदिर

राजकमल कलामंदिर ही दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी १९४२ साली स्थापन केलेली चित्रपटसंस्था होय. मुंबईतील परळ येथील तिचा स्टुडिओही याच नावाने ओळखला जातो. संस्थेची ख्याती प्रामुख्याने शांतारामांच्या चित्रपटांमुळे झाली. तथापि तिच्या ध्वनिविभागाचे कार्य त्याहून व्यापक असून त्याची दखल मात्र कमी घेतली गेली आहे.

स्थापना

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीतून बाहेर पडल्यावर शांतारामांनी परळमधील वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ घेतला. वडील राजाराम व आई कमल यांच्या नावांवरून संस्थेचे नामकरण झाले. 'शकुंतला' (१९४३) हा तिचा पहिला चित्रपट. संगीत वसंत देसाई यांचे होते.

ध्वनिमुद्रण

त्या काळी गायक आणि वादक एकाच दालनात, एकाच वेळी गाणे सादर करीत. ध्वनिग्राहक मोजके असत. कोणते वाद्य किती दूर बसवायचे, यावरच आवाजांचा तोल अवलंबून राही आणि एखादा स्वर चुकला तरी गाणे बहुधा पहिल्यापासून म्हणावे लागे. शाहिरी संगीतात हे काम अधिक अवघड होते, कारण ढोलकीच्या थापेखाली शब्द दबून चालत नाही. शाहीर होनाजी बाळा यांच्या जीवनावरील 'अमर भूपाळी' (१९५१) १९५२च्या कान महोत्सवात दाखवला गेला व त्याच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. नृत्यप्रधान 'झनक झनक पायल बाजे'च्या (१९५५) ध्वनिमुद्रणासाठी ए. के. परमार यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात शिवकुमार शर्मा यांचे संतूर ऐकू येते. चित्रपटसंगीतात हे वाद्य तेव्हा नवखे होते.

ध्वनिमिश्रण

संवाद, पार्श्वसंगीत व इतर ध्वनी यांच्या स्वतंत्र पट्ट्या पडद्यावरील चित्राबरोबर चालवून त्यांची एकच पट्टी सिद्ध करणे, म्हणजे ध्वनिमिश्रण. राजकमलमधील मंगेश देसाई यांचा या कामातील अधिकार सर्वमान्य होता. 'पाकीजा' (१९७२) आणि 'शोले' (१९७५) या चित्रपटांशी त्यांचे नाव निगडित आहे. सत्यजित राय यांनीही आपल्या अनेक चित्रपटांचे ध्वनिमिश्रण कोलकात्याहून मुंबईला येऊन त्यांच्याकडून करून घेतले. शांतताही ध्वनीइतकीच मोजूनमापून वापरावी लागते, हे 'शोले'तील झोपाळ्याच्या करकरीच्या प्रसंगावरून सहज ध्यानी येते.

ध्वनिमिश्रकाचे निर्णय सहसा कागदावर उरत नाहीत. अंतिम पट्टी हाच त्यांचा खरा दस्तऐवज असतो. जुन्या चित्रपटांवर नवा बहुवाहिनी ध्वनी चढवताना कित्येकदा पावले, वारा, बंदुकीचे बार यांसारखे आवाज नव्याने मुद्रित केले जातात. प्रेक्षकाला मग ऐकू येते ते पुष्कळदा मूळ मिश्रकाचे काम नसतेच. अभ्यासकांनी म्हणूनच मूळ एकवाहिनी ध्वनी असलेली प्रत मिळवून ऐकणे अगत्याचे आहे.

निर्मितीचा उत्तरकाळ

'दो आँखें बारह हाथ' (१९५७), 'नवरंग' (१९५९) आणि राम कदम यांच्या संगीताने गाजलेला मराठी 'पिंजरा' (१९७२) हे संस्थेचे उल्लेखनीय चित्रपट होत. शांताराम यांचे १९९० साली निधन झाले.