वराहखाद्यातील प्रथिनकपात

मांसासाठी वाढवलेल्या डुकरांच्या खाद्यातील एकूण प्रथिने घटवून, उणी पडणारी ॲमिनो आम्ले शुद्ध स्वरूपात मिसळण्याची आहारपद्धती. नुसती प्रथिने कमी करणे म्हणजे ही पद्धत नव्हे. तसे केल्यास जनावराची वाढ खुंटते.

डुकराची खरी गरज ॲमिनो आम्लांची असते, तीही ठरावीक प्रमाणात. मका, गहू, जव यांच्या आहारात लायसिन सर्वांत आधी अपुरे पडते. ते भरून काढण्यासाठी सोयापेंड वाढवली, की बाकीची आम्ले गरजेपेक्षा जास्त होतात. शरीराला ती साठवता येत नाहीत. यकृतात त्यांतील नायट्रोजनाचा युरिया बनतो व मूत्रावाटे बाहेर पडतो. विष्ठेतील युरिएज हे विकर त्याचा अमोनिया करते. वराहगृहात डोळे चुरचुरतात ते यामुळेच. खाल्लेल्या नायट्रोजनापैकी जेमतेम तिसरा हिस्सा शरीरात राहतो, म्हणजे महागड्या पेंडीचा बराचसा पैसा मोरीत जातो.

ब्रिटनच्या कृषी संशोधन परिषदेने १९८१ मध्ये ‘आदर्श प्रथिन’ ही कल्पना मांडली. तीत लायसिन १०० धरून इतर आम्लांचे प्रमाण ठरवतात. मात्र किण्वनाने तयार होणारे लायसिन स्वस्त झाले, तेव्हाच हे गणित व्यवहारात उतरले. पुढे थ्रिओनिन, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि अलीकडे व्हॅलिनही मिसळले जाऊ लागले. वजन वाढेल तशी खाद्यातील प्रथिनांची टक्केवारी टप्प्याटप्प्याने उतरवतात. शेवटपर्यंत एकच खाद्य देणे ही उधळपट्टीच. प्रथिने एका टक्क्याने (उदा. १६ वरून १५) उतरवली, तर अमोनियाचे उत्सर्जन सुमारे १० टक्क्यांनी घटते. डुकरे पाणीही कमी पितात, त्यामुळे मलमूत्राचा द्रवही कमी साठतो.

युरिया बनवण्यात खर्च होणारी ऊर्जा वाचते आणि ती चरबीत जाऊ शकते. म्हणून खाद्य निव्वळ ऊर्जेच्या हिशेबाने बेतावे लागते.

यूरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार, प्रदूषणप्रवण क्षेत्रांत शेतात टाकायच्या पशुखतातील नायट्रोजनावर हेक्टरी वर्षाला १७० किलोची मर्यादा आली. दाटीने डुकरे पाळणाऱ्या नेदरलँड्ससारख्या देशांत या पद्धतीला त्यामुळे जोर मिळाला. चीनमध्ये पर्यावरणापेक्षा व्यापाराचे कारण मोठे ठरले. तेथील कृषी मंत्रालयाने २०२३ मध्ये पशुखाद्यातील सोयापेंडीचा वाटा २०२५ पर्यंत १३ टक्क्यांखाली आणण्याची योजना जाहीर केली. तिच्यामागे मुख्य चिंता होती ती आयात सोयाबीनवरच्या अवलंबित्वाची.