पंधरवड्याला एक यान

सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकी टीव्हीवर 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'चा एक गाजलेला भाग दाखवला गेला. वुल्फ ३५९ या ताऱ्याजवळ बोर्ग नावाच्या शत्रूने चाळीस यानांच्या ताफ्याची धूळधाण उडवलेली असते. मालिकेतलं मुख्य यान एंटरप्राइज तिथे पोचतं तेव्हा पडद्यावर फक्त जळके सांगाडे तरंगताना दिसतात. हे सांगाडे उभे करायला वेळ थोडा होता आणि पैसाही. मग मॉडेल बनवणाऱ्यांनी बाजारात मिळणारे एंटरप्राइजचे प्लॅस्टिकचे किट आणले, त्यांचे भाग उलटसुलट जोडले आणि जिथे काहीतरी लांबट, गोलसर हवं होतं तिथे सरळ हायलायटर पेन चिकटवले. 'क्यूशू' नावाच्या यानाच्या पाठीवर आणि पोटाखाली जी नळकांडी दिसतात, ती म्हणजे हे पेन.

क्यूशू पडद्यावर काही क्षणच दिसतं, तेही मोडक्या अवस्थेत. एवढ्याशा यानाचं खेळणं कोणता कारखानदार काढेल? आणि काढलं तरी कोणता दुकानदार ते मांडून ठेवेल? तरीही वीसहून अधिक वर्षांनी त्याची तळहातावर मावणारी, धडधाकट प्रतिकृती तयार झाली, सोबत त्याच्या जन्मकथेचा छोटासा अंकही छापला गेला आणि दोन्ही टपालाने लोकांच्या घरी पोचलं. हे शक्य झालं ते वर्गणीमुळे.

हप्त्याहप्त्याने वस्तू विकण्याची ही रीत मुळात पुस्तकांची आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सनने १६७७-७८ च्या सुमारास लोहारकाम, सुतारकाम अशा कारागिरीवरचं पुस्तक महिन्याला एक भाग या पद्धतीने विकायला काढलं. सबंध पुस्तकाचे पैसे एकदम मोजणं ज्याला परवडत नसे, त्याला थोडे थोडे देऊन ते घेता येई. १८३६ साली डिकन्सचं 'पिकविक पेपर्स' दरमहा एक शिलिंगाला विकलं जाऊ लागलं आणि या रीतीला खरा बहर आला. विसाव्या शतकात तिचं केंद्र इटलीत सरकलं. नोवारा शहरातल्या दे आगोस्तिनी या नकाशे छापणाऱ्या प्रकाशनसंस्थेने १९५९ मध्ये 'इल मिलिओने' हा भूगोलाचा कोश भागाभागाने काढला. ब्रिटनमध्ये १९६६ पासून पर्नेल कंपनीचा दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास असाच अंकाअंकाने घरोघर गेला. पुढे नुसत्या कागदाची जागा वस्तूंनी घेतली. नाणी, खनिजं, बाहुल्या, मोटारी अशी कसलीही वस्तू अंकाला जोडून येऊ लागली.

या धंद्याचं गणित ठरलेलं असतं. पहिला अंक जवळजवळ फुकटात द्यायचा आणि टीव्हीवर त्याची जोरदार जाहिरात करायची. दुसऱ्या-तिसऱ्या अंकाला किंमत चढते आणि गिऱ्हाईकं भराभर गळतात. दहाव्या-बाराव्या अंकापर्यंत जे टिकतात ते मात्र सहसा शेवटपर्यंत राहतात. प्रकाशकाची भिस्त त्यांच्यावरच असते. किती प्रती खपणार हे महिनोन् महिने आधी कळतं, म्हणून कारखान्याला तेवढ्याच प्रतींची मागणी देता येते. दुकानात धूळ खात पडण्याची भीती राहत नाही.

लंडनची ईगलमॉस ही कंपनी १९७५ पासून याच धंद्यात होती. २०१३ मध्ये तिने ब्रिटनमध्ये 'स्टार ट्रेक : द ऑफिशियल स्टारशिप्स कलेक्शन' सुरू केलं. पंधरवड्याला एक यान आणि सोबत एक अंक असा बेत होता. सूत्रं बेन रॉबिन्सन या संपादकाच्या हाती होती आणि या मालेचं भाग्य तिथेच ठरलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये 'स्टार ट्रेक फॅक्ट फाइल्स' नावाचा साप्ताहिक उपक्रम चालू होता. सुटी पानं यायची, ती वाचकाने फाइलमध्ये लावायची. असे तीनशेहून अधिक अंक निघाले. रॉबिन्सन त्या कामात मुरलेला होता, पुढे त्याने अमेरिकेत 'स्टार ट्रेक : द मॅगझिन' चालवलं. यानं कोणी रेखाटली, कोणी घडवली, कोणत्या स्टुडिओत त्यांचं चित्रीकरण झालं, हे सगळं त्याला माणसांच्या नावांनिशी ठाऊक होतं.

पहिल्या अंकासोबत अँड्र्यू प्रोबर्टने रेखाटलेली 'नेक्स्ट जनरेशन'ची एंटरप्राइज-डी आली. दुसऱ्यासोबत १९७९ च्या पहिल्या चित्रपटातली नव्याने सजवलेली एंटरप्राइज. याच चित्रपटात मुंबईची पर्सिस खंबाटा डोक्याचा गोटा करून इलियाच्या भूमिकेत झळकली होती, त्यामुळे हे यान कित्येक भारतीय प्रेक्षकांच्याही ओळखीचं. तिसऱ्या अंकाला क्लिंगॉन या मालिकेतल्या परग्रहवासीयांचं 'बर्ड ऑफ प्रे' आलं.

१९७९ च्या त्या यानाचा रंग हा मॉडेलकारांच्या जगात दंतकथेसारखा सांगितला जातो. पॉल ओल्सन या चित्रकाराने मोत्यासारखी झाक मारणारे रंग एकावर एक चढवून यानाच्या अंगावर बारीक तुकड्यांची नक्षी उमटवली होती. प्रकाशाचा कोन बदलला की पांढऱ्या पृष्ठभागावर निळसर, हिरवट, सोनेरी चौकोन उमलायचे. चाहते तिला 'ॲझटेक' नक्षी म्हणतात. मूळ मॉडेल चांगलं आठ फूट लांब होतं. तीच नक्षी बोटभर लांबीच्या तबकडीवर उतरवायची, तीही हजारो प्रतींवर, म्हणजे अवघड काम. मऊ सिलिकॉनच्या गादीने शाई उचलून वळणदार पृष्ठभागावर ठसा उमटवण्याची पद्धत इथे उपयोगी पडते. गादी केसभर सरकली तरी खिडक्यांची रांग खिडक्यांच्या खोबणीवरून घसरते. संग्राहक खोका उघडल्यावर आधी भिंग घेऊन याच रांगा तपासत. यानाचा काही भाग ओतीव धातूचा, काही प्लॅस्टिकचा, त्यामुळे हातात घेतल्यावर वजन जाणवतं. खाली काळी बैठक आणि पारदर्शक चिमटा. यान त्यात अडकवलं की ते अधांतरी उभं असल्यासारखं वाटतं.

प्रमाणाच्या बाबतीत मात्र मालेने सरळ तडजोड केली. कथेत एंटरप्राइज-डी सुमारे ६४० मीटर लांब आहे, व्हॉयेजर सुमारे ३४५ मीटर आणि डिफायंट त्याहूनही कितीतरी लहान. कपाटात मात्र तिन्ही जवळपास एकाच मापाची. सगळी यानं एकाच प्रमाणात करायची म्हटलं असतं तर डिफायंट शेंगदाण्याएवढं झालं असतं. काही चाहत्यांना हे अखेरपर्यंत रुचलं नाही आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण प्रत्येक यानाचे बारकावे दिसावेत ही निवड योग्यच होती, कारण या मालेचा जीव बारकाव्यांत होता.

सुरुवातीला सत्तरेक यानांची योजना होती. वर्गणीदार टिकले, म्हणून ती वाढत वाढत १८० अंकांवर गेली. पंधरवड्याला एक धरलं तर ही सुमारे सात वर्षं होतात आणि अंकाला दहा पौंड धरले तर १८०० पौंड. विशेषांक वेगळे. त्यांतला पहिला 'डीप स्पेस नाइन' या अंतराळस्थानकाचा. नावाजलेली यानं पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच संपली. पुढे जे आलं ते या मालेचं खरं धन. एकाच भागात दिसलेली परग्रहवासीयांची जहाजं आली, मालवाहू होड्या आल्या, वुल्फ ३५९ चे ते सांगाडेही आले. एकेकटं विकायला काढलं असतं तर यांतलं एकही खपलं नसतं. ज्याने पन्नास घेतली आहेत तो एक्कावन्नावंही घेतो, मग ते कुणाला आठवत असो वा नसो.

अशी यानं घडवण्यासाठी आधी संशोधन करावं लागे. १९६४ साली कॅलिफोर्नियात बांधलेलं पहिल्या एंटरप्राइजचं अकरा फुटी मॉडेल १९७४ पासून स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. त्याची डागडुजी होऊन २०१६ मध्ये ते वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात पुन्हा मांडलं गेलं. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. ऑक्टोबर २००६ मध्ये ख्रिस्टीजने न्यूयॉर्कमध्ये मालिकेतल्या सामानाचा मोठा लिलाव केला. त्यात एंटरप्राइज-डीचं सहा फुटी मॉडेल ५ लाख ७६ हजार डॉलरला गेलं आणि इतर कितीतरी मॉडेलं खासगी घरांत पांगली. मोजमापं घ्यायची तर कुणाच्या दारात जाणार?

संगणकावर जन्मलेल्या यानांची अडचण वेगळी होती. १९९६ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' चित्रपटासाठी ॲलेक्स येगरने काही नवी यानं रेखाटली. त्यांतली अकिरा पुढे मालिकांतही खूप वापरली गेली, पण नॉर्वे जातीच्या यानाची संगणकीय फाइल हाती राहिली नाही आणि ते पडद्यावरून नाहीसं झालं. लाकडी मॉडेल मोडलं तरी त्याचे तुकडे उरतात, फाइल गेली की काहीच उरत नाही. जिथे मूळ फाइल मिळाली तिथे मालेने तिच्यावरूनच साचा केला. जिथे मिळाली नाही तिथे रेखाचित्रं, जुनी छायाचित्रं आणि चित्रफितीतली एकेक चौकट पाहून यान पुन्हा उभं केलं. नॉर्वेही अशीच परतली.

सोबतच्या अंकात मॅट जेफरीज, प्रोबर्ट, रिक स्टर्नबाक, जॉन ईव्ह्ज या यानं रेखाटणाऱ्यांच्या कामाची हकीकत असे. एखादं यान आधी कसं दिसणार होतं, निर्मात्यांनी कोणतं चित्र नाकारलं, कोणता भाग कोणत्या किटमधून उचलला, हे सगळं त्यात नोंदलेलं असे. श्रेयनामावलीत ज्यांची नावं झरझर निघून जातात, त्यांचं काम इथे सविस्तर छापलं गेलं. पुष्कळ संग्राहकांनी यानं कपाटात मांडली आणि अंक नीट न वाचताच फाइलला लावून टाकले, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात ईगलमॉस आर्थिक संकटात सापडून बंद पडली. तोवर १८० अंकांची मूळ माला पुरी झाली होती, पण इतर कामं अर्धवट होती. सर्वांत मोठा फटका बसला तो एंटरप्राइज-डीचं भव्य मॉडेल महिन्यागणिक सुट्या भागांतून जोडत असलेल्यांना. तबकडीचा एक तुकडा टेबलावर आणि उरलेलं यान कुठेच नाही, अशी त्यांची गत झाली. वर्गणीच्या धंद्यातला हा जुनाच धोका, गिऱ्हाईक सबंध वस्तूच्या आशेवर भागाचे पैसे मोजत असतं. दे आगोस्तिनीच्या कुळातल्या फॅनहोमने नंतर ते काम हाती घेतलं. ईगलमॉसची उरलेली तयार यानं मास्टर रेप्लिकाज या कंपनीने विकत घेतली आणि ती सुटी विकायला काढली. ज्यांच्या रांगेत दोन-चार जागा रिकाम्या होत्या, त्यांना त्या भरायची संधी मिळाली.

अंकांमधला मजकूर त्याआधीच 'स्टार ट्रेक शिपयार्ड्स' या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकमालेत संकलित होऊ लागला होता. पहिला खंड २०१८ मध्ये आला, त्यात २१५१ ते २२९३ या काल्पनिक काळातली स्टारफ्लीटची यानं आहेत.