बेहडा ते अंदाजपत्रक : बडोद्याच्या दौलतीचा हिशेब

इसवी सन १८१५ च्या जुलै महिन्यात, आषाढी यात्रेच्या दिवसांत, पंढरपुरी गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. त्रिंबकजी डेंगळे, दुसरे बाजीराव, एल्फिन्स्टन आणि पुढे तीन वर्षांत झालेला पेशवाईचा अस्त ही सगळी साखळी शालेय इतिहासातून आपल्या परिचयाची आहे. परंतु शास्त्रीबोवा बडोदे सोडून पुण्याच्या दरबारी कशासाठी गेले होते, हे फारसे कोणी विचारीत नाही. ते गेले होते हिशेबासाठी. पेशव्यांचे गायकवाडांकडे किती येणे, गायकवाडांचे पेशव्यांकडे किती येणे आणि अहमदाबादचा मुदत संपलेला इजारा पुढे कोणाकडे राहावयाचा, हा तो तंटा. दफ्तरे दोहींकडे होती, कारकून दोहींकडे होते. उभयपक्षी मान्य होईल असा ताळेबंद मात्र नव्हता.

प्रस्तुत लेखकाची राज्य सरकारच्या सेवेतील तीस-बत्तीस वर्षे बहुतांशी अंदाजपत्रकाच्या कागदांत गेली. मागील वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज, असे तीन रकाने शेजारी शेजारी मांडावयाचे व प्रत्येक वाढीला कारण द्यावयाचे, हा आमचा दरसालचा परिपाठ. हे तीन रकाने आपल्या संस्थानात कोणी, केव्हा आणि कशासाठी आणले, हा प्रश्न नोकरीत असताना कधी पडला नाही. निवृत्तीनंतर घरातील जुन्या कागदांची एक पेटी उघडली, तेव्हा तो पडला.

अंदाजपत्रक ही साहेबाची देणगी, असा एक सर्वसाधारण समज आहे. जेम्स विल्सन यांनी १८६० साली कलकत्त्यास हिंदुस्थान सरकारचे पहिले अंदाजपत्रक मांडले, हे खरे. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर इंग्रजांची तिजोरी डबघाईला आली होती आणि तिला सावरण्यासाठीच विल्सन यांना विलायतेहून पाठविले होते. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये ते कलकत्त्यास वारले. पण जमाखर्चाचा आगाऊ अंदाज करण्याची कल्पना मराठी दफ्तराला नवी नव्हती. पुण्याच्या हुजूर दफ्तरात ‘फड’ होता, तसा ‘बेहडा’ नावाचा स्वतंत्र विभाग होता. फडातून आलेल्या कागदांवरून मुलखाची जमा किती, नेमणुका किती, बाकी किती, याचा वार्षिक अंदाज तेथे तयार होई. ‘बेहडा बांधणे’ हा शब्दप्रयोग त्यातलाच. ‘एकबेरीज दफ्तर’ नावाच्या दुसऱ्या विभागात निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र होत. महालोमहाली कमाविसदारावर नजर ठेवण्यासाठी मुजुमदार, फडणीस यांसारखे दरकदार असत आणि कमाविसदाराच्या मर्जीने त्यांना दूर करता येत नसे. आज ज्याला आपण लेखापरीक्षण म्हणतो त्याचे बीज यात आहे, असे मला वाटते. पुढे हे दरक वंशपरंपरागत झाले, हक्काची रक्कम घरी येऊ लागली आणि तपासणीचे काम मागे पडले, हा भाग निराळा.

मग एवढी शिस्तीची परंपरा पाठीशी असताना गायकवाडांच्या दौलतीत हिशेबाचा असा बोजवारा का उडावा? याची कारणे तीन आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण इजारा. महालाचा वसूल ठराविक रकमेला मक्त्याने दिला की सरकारला त्या रकमेपुरतेच कळते; रयतेकडून प्रत्यक्षात किती निघाले, हे इजारदार जाणे. ज्या सरकारला आपले खरे उत्पन्न ठाऊक नाही, ते अंदाज कशाचा करणार? दुसरे कारण पोतदारी. सरकारचा पैसा सरकारच्या खजिन्यात न राहता सावकारांच्या पेढीवर राही. वसूल तेथे जमा होई आणि खर्चही तेथूनच होई. वसूल यावयाच्या आधी खर्च आला की पेढी रक्कम पुढे करी व त्यावर व्याज चढवी. तिसरे कारण वरात. सरकारने एखाद्या सरदाराला किंवा सावकाराला रोख पैसे न देता अमुक महालाच्या वसुलावर वरात द्यावी आणि त्याने ती तेथे जाऊन वटवावी, अशी ही पद्धत होती. वरात हा वास्तविक खर्च आहे. परंतु महालातून पैसा निघेपर्यंत हुजूर त्याची बोच लागत नाही. एकाच महालावर त्याच्या कुवतीपेक्षा अधिक वराती चढल्या, तरी ते वेळेवर ध्यानात यावयाचे नाही.

यांच्या जोडीला अरब शिबंदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिचे थकलेले पगार चुकते केल्याखेरीज ती बडोदे सोडीना. तेव्हा कंपनी सरकारच्या मध्यस्थीने सावकारांकडून कर्ज काढण्यात आले. सावकारांना इंग्रजांची हमी मिळाली. तिलाच ‘बहांदरी’ म्हणत. मेजर वॉकर हे त्या वेळचे रेसिडेंट. कर्ज आज ना उद्या फिटले असते, पण बहांदरी दरबाराच्या उरावर बसली. दुसऱ्या सयाजीरावांची (कारकीर्द १८१९ ते १८४७) बरीच वर्षे या कर्जापायी रेसिडेन्सीशी झगडण्यात गेली व काही काळ महालही इंग्रजांच्या जप्तीत राहिले. हिशेब ज्याच्या हाती नाही त्याची सत्ताही त्याच्या हाती राहत नाही, हे बडोद्याला तेव्हाच कळावयास हवे होते.

ते कळले नाही. खंडेराव महाराजांची मोत्यांची चादर आणि रुप्याच्या तोफा, पाठोपाठ मल्हारराव महाराजांच्या सोन्याच्या तोफा, यांच्या कथा आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून कौतुकाने ऐकल्या आहेत. मीही ऐकल्या आणि नातवंडांना सांगितल्याही. परंतु अंदाजपत्रकाच्या नजरेने पाहिले की या तोफा वेगळ्या दिसू लागतात. हा खर्च राज्याचा की राजाचा? त्या वेळी हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. दोन्ही पिशव्या एकच होत्या. दादाभाई नौरोजींसारख्या माणसाने १८७४ साली दिवाणगिरी पत्करली आणि वर्षभरातच त्यांना ती सोडावी लागली.

पुढचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग झाल्याचा आरोप झाला आणि १८७५ साली चौकशी मंडळ बसले. त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे, या हिंदी सभासदांना आरोप शाबीत झाला असे वाटले नाही. मते समसमान फुटली. तेव्हा सरकारने मल्हाररावांना विषाच्या आरोपावरून नव्हे, तर राज्यकारभाराच्या अंदाधुंदीवरून पदच्युत केले. इंग्रजांच्या या न्यायाचे समर्थन मी करणार नाही. पण त्यांना ते कारण दाखविता आले, याचे मूळ आपल्याच दफ्तरांच्या अवस्थेत होते. दिनकररावांची उपस्थितीही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १८५२ पासून ग्वाल्हेरची दिवाणगिरी करताना त्यांनी तेथील विस्कटलेला वसूल मार्गी लावला होता आणि आरंभ स्वतःचा पगार निम्म्याहून कमी करून केला होता. ग्वाल्हेरच्या आपल्या बांधवांनी या विषयावर सविस्तर लिहावे.

मल्हाररावांच्या जागी जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावास दत्तक घेतले. तेच तिसरे सयाजीराव. ते सज्ञान होईपर्यंत कारभार आला राजा सर टी. माधवराव यांच्याकडे. माधवराव जन्माने कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी देशस्थ घराण्यातले. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. म्हणजे आपल्यासारखाच, मुळापासून शेकडो कोस दूर रुजलेला हा मराठी माणूस. १८५७ पासून त्रावणकोरात त्यांनी मिरी आणि तंबाखू यांचे सरकारी मक्ते मोडले आणि संस्थानचे कर्ज फेडले. १८७३ ते १८७५ ते इंदुरास तुकोजीराव होळकरांकडे होते. तेथून ते बडोद्यास आले.

त्यांनी केलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कागदावर अगदी किरकोळ वाटते. त्यांनी ‘खानगी’ खाते राज्याच्या खात्यापासून वेगळे राखले. राजवाडा, मुदपाकखाना, जवाहिर, शिकारखाना, लग्नकार्ये यांचा खर्च एका बाजूला, आणि पोलीस, न्याय, शाळा, रस्ते यांचा दुसऱ्या बाजूला. दोहोंमध्ये एक रेघ ओढली गेली. इजारे मोडून वसुलाचे काम वहिवाटदारांकडे आले. नवसारी, बडोदे, कडी आणि अमरेली हे चार प्रांत सुभ्यांच्या हाती दिले गेले. सावकाराची पेढी मागे पडून सरकारी खजिने पुढे आले. बाबाशाही रुपया आणि इंग्रजी कलदार यांच्या बट्ट्याची डोकेदुखी तेवढी शतकाच्या अखेरीपर्यंत उरली. तिने कारकुनांची किती रात्रींची झोप खाल्ली असेल, याची कल्पना ज्यांनी कीर्द लिहिली आहे त्यांनाच येईल.

आणि त्यांनी दरसाल अहवाल छापला. १८७५-७६ पासूनचे हे अहवाल आजही वाचावयास मिळतात. त्यात जमेची व खर्चाची कोष्टके आहेत, आणि अमुक बाब का वाढली, तमुक का घटली, हे साध्या इंग्रजीत समजावून दिलेले आहे. १८८१ साली अधिकारग्रहणापूर्वी तरुण महाराजांना त्यांनी जी व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली आहेत. राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा हवी, हा विषय त्यातही येतो. ज्याच्या खर्चाला आळा घालावयाचा त्यालाच समोर बसवून हे शिकविणे सोपे नव्हे.

आता त्या पेटीविषयी. आमचे खापरपणजोबा बडोद्याच्या पागेत होते. पेटीत त्यांच्या नावच्या नेमणुकीचे काही मोडी कागद निघाले. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याकडून वाचून घेतले. जुन्या कागदांत नेमणूक ही मेहेरबानी आहे, तिच्याभोवती आशीर्वाद आहेत, घराण्याच्या चाकरीचा उल्लेख आहे. नंतरच्या कागदांत खात्याचे नाव, अनुक्रमांक, रक्कम आणि सही, एवढेच. आमच्या आजीला या दुसऱ्या प्रकारच्या कागदांचा राग होता. ‘सरकारने आम्हाला आकडा केला,’ असे ती म्हणे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील पुष्कळ मानकरी घराण्यांत हा सल असाच उतरला असेल. तो खोटा नाही. पण पहिल्या कागदाची रक्कम केव्हा मिळेल आणि मिळेल की नाही, हे पेढीवाल्याच्या मर्जीवर होते. दुसऱ्या कागदाची ठरल्या तारखेला मिळे. आजीच्या हयातीत तिला हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

सयाजीराव महाराजांनी डिसेंबर १८८१ मध्ये सूत्रे हाती घेतली, ती बऱ्याच अंशी या घडी बसलेल्या जमाखर्चासह. पुढे त्यांनी जे केले त्याचे श्रेय त्यांचेच. परंतु आजव्याचे तळे असो, की १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केलेले व १९०६ साली संस्थानभर लागू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण असो, ही कामे दरसाल न चुकता तरतूद मागणारी आहेत. शिक्षकाचा पगार वरातीवर होत नाही. एलियट साहेबांच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी व आकारणी झाली, तेव्हा जमेचा रकानाही प्रथमच भरवशाचा झाला.

या भरवशाची परीक्षा छप्पन्नच्या दुष्काळात झाली. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० साल. संस्थानची लोकसंख्या १८९१ साली सुमारे २४ लाख होती, ती १९०१ च्या गणतीत साडेएकोणीस लाखांवर आली. दुष्काळात जमेचा रकाना कोरडा पडतो आणि खर्चाचा ओसंडतो. महाराज स्वतः दुष्काळी भागात फिरले व त्यांनी आपली टिपणे प्रसिद्ध केली. पण लोकसंख्येचे ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की नीटनेटक्या दफ्तराचा फार अभिमान बाळगवत नाही. १९०४ मध्ये रमेशचंद्र दत्त महसुलाचे काम पाहावयास आले, त्यापूर्वी हे घडून गेले होते.

आणखी एक उणीव नमूद केली पाहिजे. माधवरावांचे अंदाजपत्रक बसले ते राजा अज्ञान असताना, रेसिडेन्सीच्या पाठबळावर. त्याला हरकत घेणारा राजा नव्हता, तसाच त्यावर प्रश्न विचारणारा प्रजेचा प्रतिनिधीही नव्हता. बडोद्यास धारासभा आली १९०७ साली. तोवर अंदाजपत्रक म्हणजे दिवाणाने स्वतःच्या हाताला बांधून घेतलेली दोरी होती. तो सज्जन असेल तोवर ती घट्ट राही. नोकरीत असताना एका मार्चअखेरीस, वर्षभर पडून राहिलेली तरतूद परत जाऊ नये म्हणून, कोणालाही नको असलेली लाकडी कपाटे एका कचेरीत एका दिवसात खरेदी झालेली मी पाहिली. विधानसभा होती, लेखापरीक्षण होते, सारे नियमात बसले. त्या खरेदीच्या कागदावर माझीही एक सही आहे.

बडोदे १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. विलीन संस्थानांची तिजोरी, कर्जे, जकाती, निवृत्तिवेतने यांचे काय करावयाचे, हे ठरविण्यासाठी केंद्र सरकारने जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते सर व्ही. टी. कृष्णम्माचारी. १९२७ ते १९४४ अशी सतरा वर्षे ते बडोद्याचे दिवाण होते. माझे आजोबा तेव्हा संस्थानच्या नोकरीत होते. बडोद्याचे सरकारी वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होऊन जुलैत संपे. विलीनीकरणानंतर ते एप्रिल-मार्च झाले. जुनी वर्षअखेर त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की निवृत्तीनंतरही ३१ जुलैच्या रात्री ते घरखर्चाची वही काढून बसत आणि बाकी जुळल्याशिवाय उठत नसत.