झडतीच्या कायद्यात गाडी केव्हा आली?

‘झडती’ हा शब्द निघाला की आम्हां पुणेकरांस १८९७ साल आठवते. प्लेगच्या त्या उन्हाळ्यात रँडसाहेबांच्या हाताखालचे गोरे सोजीर घरोघर शिरले. माजघर, देवघर, कशाचाच मुलाहिजा राहिला नाही. तो अधिकार फेब्रुवारीत घाईने केलेल्या साथरोगांच्या कायद्याचा होता. फौजदारी प्रक्रियेची संहिता पुढच्याच वर्षीची, १८९८ ची. तिने झडतीला त्याच वस्तीतले दोन तरी प्रतिष्ठित पंच हवेत असे म्हटले आणि ‘जागा’ या शब्दात घर, इमारत, तंबू व जहाज यांचा समावेश केला. साहेबाला स्वतःचा तंबू आठवला. आमचा टांगा आठवला नाही!

गाडी कायद्यात शिरली ती आधी दारूच्या वाटेने. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मादक पदार्थांसाठी वाहन थांबवून तपासण्याचा अधिकार दिला. सामान्य संहितेत ‘वाहन’ हा शब्द आला १९७३ साली, आणि १ एप्रिल १९७४ पासून तो अमलात आला. एका शब्दाची भर, पण तिने घराच्या झडतीची बंधने गाडीलाही लागू केली. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती व्याख्या कायम आहे.

आता लकडी पुलावर नाकाबंदी लागली आहे असे समजू. गणवेषातील पोलिसाने मागितला तर परवाना दाखवलाच पाहिजे; १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३० वे कलम तसे सांगते. २०१८ पासून तो मोबाइलमध्ये दाखवला तरी चालतो. मात्र परवाना पाहणे निराळे आणि डिकी उघडून सामान उपसणे निराळे. या कलमात डिकीचा शब्दही नाही. अमली पदार्थांसारखे खास कायदे सोडले, तर वॉरंटावाचून झडती घ्यायला एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू असावा लागतो. अधिकाऱ्याने कारणे आधी लिहून ठेवायची, पंच बोलवायचे, चित्रण करायचे आणि नोंदीची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. अर्ज केल्यास मालकालाही ती फुकट मिळते.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. डिसेंबर १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, बेकायदा झडतीत सापडलेली वस्तू केवळ तेवढ्याने पुराव्यातून बाद होत नाही. गाडीला घराचे संरक्षण मिळण्याच्या अवघे साडेतीन महिने आधीचा हा निकाल.