उदर आणि मेद : एका समजुतीचा इतिहास

मनुष्याच्या शरीरांत पोटाइतका मान आणि पोटाइतका उपहास दुसऱ्या कोणत्याही अवयवाच्या वांट्यास आलेला नाहीं. आपल्याकडे विद्येच्या अधिदैवतास आपण लंबोदर म्हणून वंदन करतों. तुंदिलतनु शेठजी हें संपन्नतेचें प्रतीक म्हणून पिढ्यान् पिढ्या चित्रित होत आले. आणि त्याच वेळीं सुटलेली ढेरी हा नाटकांतील विनोदाचा हमखास विषयहि राहिला. गेल्या दीडशें वर्षांत मात्र हा मान हळूहळू नष्ट झाला आणि पोट सपाट असावें ही इच्छा सुशिक्षित समाजांत सार्वत्रिक झाली. या इच्छेबरोबरच एक समजूतहि रूढ झाली : जेथें मेद सांचला आहे तोच भाग हलविला, पिळला, वांकविला म्हणजे तेथलाच मेद वितळतो. ही समजूत कोठून आली, तिच्यांत खरें किती व खोटें किती, आणि ती तपासण्यास इतका काळ कां लागला, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण मधुमेहानें व हृद्रोगानें ग्रासलेल्या आपल्या समाजास तो उपयुक्तहि आहे.

आपल्या जुन्या वैद्यकाची या बाबतींतील दृष्टि प्रथम पाहणें योग्य होईल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘अष्टौनिंदितीय’ नांवाचा एकविसावा अध्याय आहे. त्यांत निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांपैकीं अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विशेष विचार केलेला आहे. अति भोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप, चिंतेचा अभाव आणि बीजाचा स्वभाव, म्हणजे आनुवंशिकता, हीं स्थौल्याचीं कारणें त्यांत सांगितलीं आहेत. मेदामुळें नितंब, उदर व स्तन हालतात हें लक्षणहि दिलें आहे. सुश्रुतानें शारीरस्थानांत मेद धारण करणाऱ्या कलेचें मुख्य स्थान उदरच मानलें आहे. असें असूनहि चरकाची चिकित्सा एकट्या पोटाची नाहीं. पचण्यास जड परंतु पोषण अल्प करणारें अन्न, व्यायाम, जागरण व मानसिक श्रम असा सर्व देहास उद्देशून तिचा रोख आहे. मेद हा एक धातु असून तो सर्व देहाचा आहे, ही कल्पना त्या पद्धतीच्या मुळाशीं होती. तपशिलांत आजचें शास्त्र तिच्याशीं सहमत होणार नाहीं; पण रोख मात्र बरोबर होता.

युरोपांत या प्रश्नाची खरी चर्चा एका अनपेक्षित मनुष्यानें सुरू केली. विल्यम बँटिंग हा लंडनमधील अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा प्रतिष्ठित व्यावसायिक. १८५२ सालीं ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेची व्यवस्था त्याच्याच घराण्याच्या पेढीनें केली होती. उंची पांच फूट पांच इंच, आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारें ९२ किलो. त्याला वांकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधतां येत नसत, आणि जिना उतरतांना गुडघ्यांवर भार येऊं नये म्हणून तो पाठमोरा उतरत असे. वैद्यांच्या सल्ल्यानें त्यानें समुद्रस्नानें केलीं, तुर्की स्नानें केलीं, औषधें घेतलीं. एका वैद्यानें व्यायाम सांगितला, म्हणून तो रोज पहाटे दोन तास नाव वल्हवूं लागला. त्याचा परिणाम असा झाला कीं, त्याच्या स्नायूंत जोर आला खरा, पण भूक इतकी प्रचंड वाढली कीं वजन कमी होण्याऐवजीं वाढलेंच; शेवटीं व्यायाम सोडावा लागला.

पुढें ऐकूं कमी येऊं लागलें म्हणून तो विल्यम हार्वी नांवाच्या कर्णरोगतज्ज्ञाकडे गेला. हार्वीनें पॅरिस येथें क्लोद बेर्नार याचीं यकृत व शर्करा यांविषयींचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. रोग्याच्या कानाचें दुखणें त्याच्या मेदांत आहे असें ठरवून त्यानें १८६२ च्या ऑगस्टमध्यें पाव, लोणी, दूध, साखर, बटाटे व बिअर बंद केली. मांस, मासे, भाज्या व फळें यांस परवानगी होती. मद्याचे ठराविक पेलेहि त्या आहारांत होते, हें आजच्या वाचकास गमतीचें वाटेल. वर्षभरांत बँटिंगचें वजन ४६ पौंडांनीं उतरलें आणि कंबरेचा घेर सव्वाबारा इंचांनीं कमी झाला. पोटासाठीं त्यानें कोणताहि निराळा व्यायाम केलेला नव्हता. १८६३ सालीं त्यानें आपला अनुभव एका छोट्या पुस्तिकेच्या रूपानें छापून प्रथम फुकट वांटला. वैद्यांनीं तिच्यावर टीका केली. पण जनतेनें ती इतकी उचलून धरली कीं इंग्रजींत त्याच्या नांवाचें क्रियापद झालें, आणि स्वीडिश भाषेंत तर ‘बांटा’ हें क्रियापद आहार कमी करून वजन उतरविणें या अर्थीं अद्याप चालतें.

बँटिंगनें दिलेला धडा साधा होता : घेर कमी होण्यास सर्व देहाचा जमाखर्च बदलावा लागतो. परंतु तो धडा लवकरच मागें पडला, कारण दुसऱ्या बाजूनें यंत्रांचें व बलोपासनेचें युग आलें. स्टॉकहोम येथें गुस्ताव झांडर यानें १८६५ मध्यें यांत्रिक व्यायामाची संस्था काढली. एकेका अवयवासाठीं एकेक यंत्र असे तिचें स्वरूप होतें, आणि त्यांत पोट चोळण्याचें यंत्रहि होतें. पुढें विसाव्या शतकांत कंबरेला गुंडाळून विजेनें थरथरणारे पट्टे निघाले ते याच वंशांतले. माणसानें उभें राहावें, यंत्रानें हलवावें आणि मेदानें निघून जावें, अशी ही सोयीची कल्पना होती.

बलोपासनेचा आचार्य युजेन सँडो (१८६७–१९२५) याचें प्रकरण याहून अधिक विचारणीय आहे. हलके डंबेल्स घेऊन एकेका स्नायूवर मन एकाग्र करून व्यायाम करावा, ही त्याची पद्धति. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें १९०१ सालीं त्यानें शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली, तेव्हां परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल हेहि होते. १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानांतहि येऊन गेला. आतां, सँडोचा नियम स्नायूंपुरता खरा आहे. ज्या दंडानें वजन उचलावें तोच दंड पुष्ट होतो, दुसरा होत नाहीं. घोटाळा झाला तो येथें : स्नायूचा नियम लोकांनीं मेदालाहि लावला. दंडाच्या व्यायामानें दंड वाढतो, तर पोटाच्या व्यायामानें पोट कां घटूं नये, असा हा तर्क. वाढ स्थानिक असते म्हणून घटहि स्थानिक असलीच पाहिजे, असें गृहीत धरलें गेलें.

महाराष्ट्रांत या लाटेला निराळें वळण मिळालें. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं प्रथम सँडोच्या पद्धतीनें व्यायाम केला आणि मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले. आपल्या संस्थानांतील शाळांतून त्यांनीं नमस्कारांचा प्रसार केला, आणि १९३८ सालीं त्यांचें या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. नमस्कारांत एकच अवयव वेगळा काढून राबविला जात नाहीं. सर्व शरीर एकदम कामाला लागतें. लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनीं नौलीसारख्या उदरक्रियांच्या वेळीं आंतड्यांतील दाबांत काय फरक पडतो, याचें उपकरणांनीं मापन केलें. उदरक्रियांचा परिणाम मापून पाहावा, केवळ सांगोवांगीवर विसंबूं नये, ही त्यांची वृत्ति या इतिहासांत महत्त्वाची आहे.

मेद कसा खर्च होतो हें पुढें शरीरशास्त्रानें दाखविलें. मेदपेशींत सांठलेली चरबी तशीच्या तशी शेजारच्या स्नायूंत जात नाहीं. ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा संदेश रक्तांतून सर्व शरीरभर पोंचतो. त्यासरशीं ठिकठिकाणच्या मेदपेशी चरबीचें विघटन करून मेदाम्लें रक्तांत सोडतात, आणि काम करणारा स्नायु तीं रक्तांतूनच उचलतो. एकत्र कुटुंबांत एखाद्या भावाचा खर्च वाढला म्हणजे तो सामाईक तिजोरींतून भागतो, त्याच्याच खोलींतील डब्यांतून नव्हे. तसाच हा प्रकार आहे. तिजोरींत कोणत्या बाजूनें आधीं हात घालावयाचा हें अनुवंश, वय व स्त्रीपुरुषभेद यांवर ठरतें, आपल्या इच्छेवर नाहीं. शेवटीं हा मेद जातो कोठें, याचाहि हिशेब २०१४ सालीं मांडला गेला : दहा किलो मेद जळला तर सुमारें ८.४ किलो कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपानें श्वासावाटे बाहेर पडतो, आणि उरलेल्याचें पाणी होतें.

प्रत्यक्ष प्रयोगहि झाले. १९७१ मध्यें कॅलिफोर्नियांत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजण्यांत आले. वर्षानुवर्षें खेळणारा हात दुसऱ्याहून जाड होता, पण त्वचेखालील मेदाचा थर दोन्ही हातांवर सारखाच. १९८४ मध्यें मॅसॅच्युसेट्स येथें तेरा पुरुषांनीं उताणें निजून धड उचलण्याचा व्यायाम २७ दिवसांत ५,००४ वेळां केला. त्यांच्या पोटाच्या, पाठीच्या व नितंबांच्या मेदपेशी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या, तेव्हां त्या तिन्ही ठिकाणीं सारख्याच प्रमाणांत लहान झालेल्या आढळल्या. पोटास कांहींहि झुकतें माप मिळालें नव्हतें. २०११ मधील सहा आठवड्यांच्या प्रयोगांत पोटाच्या स्नायूंची सहनशक्ति वाढली, मेद घटला नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, २०२३ सालच्या एका लहान प्रयोगांत दीर्घकाळ चालणाऱ्या उदरव्यायामानें धडावरील मेद थोडा अधिक घटल्याचें आढळलें. पण एकूण घटलेला मेद दोन्ही गटांत सारखाच होता, आणि एका लहान प्रयोगावरून जुना निष्कर्ष उलटत नाहीं.

हा सर्व वाद केवळ सौंदर्याचा असता तर त्यांत एवढें शिरण्याचें कारण नव्हतें. मार्सेय येथील वैद्य झाँ वाग यांनीं १९४७ सालींच दाखवून दिलें कीं, मेद किती आहे याइतकेंच तो कोठें आहे हेंहि महत्त्वाचें असून, धडाच्या वरच्या भागांत सांचणारा पुरुषी धाटणीचा मेद मधुमेहासारख्या रोगांशीं निगडित असतो. पुढें असें दिसून आलें कीं, त्वचेखालील चरबीपेक्षां यकृत व आंतडी यांभोंवतीं दडलेली चरबी अधिक घातक असते. या बाबतींत आपली स्थिति विशेष नाजूक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां संशोधकांनीं २००४ सालीं स्वतःचींच छायाचित्रें ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचा एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के. दिसण्यांत सडपातळ असलेला भारतीय मनुष्य आंतून मेदस्वी असूं शकतो, हें यावरून स्पष्ट झालें. म्हणूनच दक्षिण आशियांतील लोकांसाठीं कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर अशी ठरविलेली आहे. वजनाच्या कांट्यापेक्षां साधी शिंप्याची फीत आपल्याला अधिक खरें सांगते.

याचा अर्थ पोटाचे व्यायाम निरर्थक असा मुळींच नव्हे. ते पाठीच्या कण्याला आधार देतात आणि बसण्या-उठण्यांत डौल आणतात. बाळंतपणानंतर सैल पडलेल्या उदरस्नायूंस तर योग्य मार्गदर्शनाखालीं केलेला व्यायाम आवश्यकच असतो. व्यायामानें एकंदरींतच दुसरें एक मोठें काम होतें : चालणें, पोहणें यांसारखे सर्व देहाला गति देणारे व्यायाम नियमानें केले तर वजन फारसें न उतरतांहि आंतला घातक मेद कमी होतो. मात्र घेर उतरण्याचा मुख्य भार आहारावरच पडतो. एक किलो मेदांत सुमारें ७,७०० उष्मांक असतात, आणि तासभर चालण्यांत साधारण दोनशें ते तीनशें उष्मांक खर्च होतात; त्यानंतर भूक लागली म्हणून दोन लाडू खाल्ले तर हिशेब जेथल्या तेथें येतो. पहाटे वल्हीं मारणाऱ्या बँटिंगचें झालें तें हेंच.

एवढें असूनहि स्थानिक उपायाची समजूत मरत नाहीं, याचें कारण ती मनुष्यस्वभावाला धरून आहे. दोष एका अवयवाचा आहे असें मानलें कीं बाकीची दिनचर्या बदलावी लागत नाहीं. जेवणाचें ताट, झोंपेची वेळ, दिवसभराची बैठक सर्व तशींच राहतात, आणि दहा मिनिटांच्या कसरतीनें पोटाकडून दंड वसूल केल्याचें समाधान मिळतें. उलट त्या कसरतीनें घेर उतरला नाहीं म्हणजे पुष्कळ स्त्रीपुरुष स्वतःलाच आळशी ठरवून व्यायामच सोडून देतात. हें नुकसान अधिक मोठें, कारण त्यांच्या श्रमांत उणें कांहीं नसतें. उणें असतें तें त्यांना दिलेल्या आश्वासनांत. ज्यानें रोज नियमानें पोटाचे स्नायु बळकट केले त्यानें चांगलेंच केलें आहे. त्याच्या जोडीला त्यानें रोज तासभर चालावें, ताटांतलें गोड व तळलेलें उणें करावें आणि तीन महिन्यांनीं फीत लावून पाहावी, एवढेंच त्याला सांगावयाचें.