दोडक्याला फुले भरपूर, फळे का नाहीत? परसबागेतील परागवाहक आणि त्यांचे बारा महिने

पावसाळ्यात मांडवावर दोडक्याचा वेल पसरतो आणि पिवळ्या फुलांनी भरून जातो. काही फुलांच्या मागे बोटाएवढे दोडकेही दिसतात. चार दिवसांत ते पिवळे पडतात, सुकतात आणि गळतात. खत कमी पडले, रोग आला, अशी शंका घेऊन फवारणी केली जाते. पुष्कळदा कारण वेगळेच असते: त्या फुलावर योग्य वेळी कोणी आलेलेच नसते.

फुलातील परागकण दुसऱ्या फुलापर्यंत नेणाऱ्या कीटकांना, पक्ष्यांना आणि वटवाघळांना परागवाहक म्हणतात. पेटीत पाळलेल्या मधमाश्या त्यांतला एक लहान भाग आहेत. जगात मधमाश्यांच्या कुळातील २० हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक कोणी पाळत नाही. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक पिके कमी-अधिक प्रमाणात परागवाहकांवर अवलंबून असल्याचे आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१६ च्या अहवालात नोंदवले आहे.

डोंगरकड्यात हा प्रश्न लपून का राहतो?

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा आणि शेजारचा अर्धापूरचा भाग केळी, हळद आणि उसासाठी ओळखला जातो. या तिन्ही पिकांना उत्पादनासाठी मधमाशीची गरज नाही. बागेतील केळी परागीभवनाशिवायच धरते, म्हणून तिच्यात बी नसते. हळद गड्ड्यांपासून लावतात, ऊस बेण्यापासून. सोयाबीन आणि हरभरा बहुतांशी स्वतःच्याच परागावर पिकतात.

त्यामुळे शिवारातले कीटक घटले, तरी बाजारात जाणाऱ्या मालावर लगेच परिणाम दिसत नाही. फटका आधी बसतो तो दारातल्या वेलांना: दोडका, कारले, काकडी, दुधी, भोपळा. मग पेरू, शेवगा, सीताफळ यांना. शेतात तीळ, करडई, सूर्यफूल आणि कांद्याचे बी यांनाही कीटकांची मोठी मदत होते. तूर बरीचशी स्वपरागी असली, तरी तिच्यावर माश्यांची वर्दळ असते.

केळीला मधमाशी लागत नाही, पण मधमाशीला केळफूल लागते. केळफुलातील मकरंदावर मधमाश्या, शिंजीर पक्षी आणि रात्री वटवाघळे येतात. शेवटची फणी सुटल्यावर केळफूल तोडण्याची पद्धत आहे, त्यामुळे हे खाद्य थोडे दिवसच मिळते. अशा पट्ट्यात परसबाग, बांध आणि घराच्या गच्चीवरच्या कुंड्या यांना महत्त्व येते. नांदेड, परभणी, हिंगोली या शहरांतल्या बागांनाही हेच लागू आहे.

बागेत कोण कोण येते?

आग्या मधमाशी सर्वांत मोठी. उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली किंवा इमारतीच्या छज्जाला तिचे एकच मोठे पोळे लटकते. ती ऋतूनुसार स्थलांतर करते. फुलोरी माशी अगदी लहान. झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढे पोळे बांधते. सातेरी ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते आणि हीच पेटीतही पाळतात. पोयाची माशी मुंगीएवढी, काळसर आणि नांगीचा डंख न मारणारी. भिंतीच्या फटीत तिचे घर असते.

याशिवाय एकेकट्या राहणाऱ्या माश्या आहेत. मोठा काळा भुंगा वाळक्या लाकडात भोक पाडून घर करतो. निळसर पट्ट्यांची माशी मऊ मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते. पानकापी माशी गुलाबाच्या पानाच्या कडेचे गोल तुकडे कापून नेते आणि त्यांचे अस्तर करून पिल्लांची खोली बांधते. पानाला गोल कातरलेल्या खाचा दिसल्या, तर तो रोग नाही.

मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असलेली, पण हवेत एका जागी स्थिर राहणारी माशी दिसते. ती चावत नाही. या गटातील अनेक जातींच्या अळ्या मावा खातात. सीताफळाच्या जाड पाकळ्यांत मात्र या साऱ्यांपैकी कोणी फारसे जात नाही. तिथे बारीक भुंगेरे काम करतात.

प्रत्येक फुलाचा गडी वेगळा

वांग्याचा पराग पुंकेसराच्या टोकावरील छिद्रातून बाहेर येतो. भुंगा किंवा निळसर पट्ट्यांची माशी फुलाला धरून अंगाचे स्नायू जोरात थरथरवते, तेव्हा तो भुरभुर पडतो. मधमाशीला ही थरथर जमत नाही. टोमॅटो वाऱ्याच्या हेलकाव्यानेही धरतो, पण अशा माश्यांमुळे त्याचे काम सोपे होते. म्हणून बागेत मधाची पेटी आणून ठेवली की सगळे प्रश्न सुटले, असे होत नाही.

वेळही तितकीच महत्त्वाची. भोपळा, काकडी, कारले यांची फुले पहाटे ते सकाळी उमलतात. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात. दुधीची पांढरी फुले अंधारात दिसतात आणि त्यांच्यावर पतंग येतात. संध्याकाळी फवारणी करणे मधमाश्यांसाठी सुरक्षित, हा सर्वसाधारण सल्ला त्यामुळे दोडका-दुधीच्या मांडवाला तसाच्या तसा लागू पडत नाही.

फळ गळते ते परागाअभावी की दुसऱ्या कारणाने?

वेलवर्गात नर आणि मादी फुले वेगळी असतात. ज्या फुलामागे इवलेसे फळ दिसते ते मादी. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात. त्यांना ‘वांझ फुले’ म्हणून खुडू नये, पराग त्यांच्याकडेच असतो.

खात्री करण्याची सोपी रीत अशी: नुकतेच उमललेले नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवायच्या आणि त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवायचे. दोडका-दुधीसाठी हे संध्याकाळी, बाकीच्यांसाठी सकाळी लवकर. अशा चार-पाच फुलांना दोरा बांधून ठेवायचा आणि तेवढीच फुले तशीच सोडायची. दोरा बांधलेली फळे वाढली आणि बाकीची गळली, तर परागवाहक कमी पडत आहेत. दोन्ही गळली, तर पाण्याचा ताण, अति उष्णता किंवा फळमाशी यांच्याकडे पाहावे. ओळख पटत नसेल, तर फवारणीआधी कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवता येतो. कळमनुरी तालुक्यात ते तोंडापूरला आहे.

पावसाळा: जून ते सप्टेंबर

वेलांचा हंगाम हाच. संततधारेत माश्या उडत नाहीत आणि पराग भिजतो, त्यामुळे झडीच्या दिवसांत फळे कमी धरणे स्वाभाविक आहे. उघडीप मिळताच वर्दळ वाढते. या काळात बांधावर आणि कुंपणाला तेरडा, कुर्डू, टाकळा, दगडीपाला आपोआप उगवतात. सगळे एकदम साफ न करता कडेचा एक पट्टा राखला, तरी पुष्कळ कीटक टिकतात. दगडीपाल्याच्या लहान फुलांवर फुलपाखरांची गर्दी असते.

फुलपाखरू हवे असेल, तर अळीही सहन करावी लागते. लिंबू आणि कढीपत्त्याची पाने खाणारी अळी लिंबाच्या फुलपाखराची असते. रुईवरची पट्टेरी अळी बिबळ्या कडव्याची. मोठ्या झाडाला चार अळ्यांनी फरक पडत नाही.

हिवाळा: ऑक्टोबर ते फेब्रुवारी

तूर, करडई, कोथिंबीर, मोहरी, बडीशेप यांच्या फुलांमुळे हा सुकाळ असतो. वाफ्यातील कोथिंबिरीची दोन-चार झाडे न उपटता फुलू दिली, तर लहान माश्यांना खाद्य मिळते आणि घरचे धनेही होतात. तुळस आणि सब्जाच्या मंजिऱ्याही सगळ्या खुडू नयेत. थंडीत माश्या उशिरा बाहेर पडतात, म्हणून निरीक्षण ऊन वर आल्यावर करावे.

उन्हाळा: मार्च ते मे

मराठवाड्यात खरी कसोटी हीच. पारा चाळिशीपार जातो, रान मोकळे होते आणि छोटी फुले संपतात. मग आधार मोठ्या झाडांचा: आधी पळस आणि पांगारा, पुढे कडुनिंब, करंज, शिरीष आणि बहावा. इसापूर धरणाच्या पाण्याने कळमनुरी-अर्धापूर पट्ट्यातली बागायत हिरवी राहते, पण हिरवेपणा म्हणजे फुले नव्हेत. बांधावरचे एक कडुनिंब किंवा करंज तोडल्यावर गेलेले खाद्य कुंडीतली फुले भरून काढू शकत नाहीत.

पसरट भांड्यात खडे घालून खडे अर्धवट उघडे राहतील एवढे पाणी ठेवावे. खोल भांड्यात माश्या बुडतात. डासांची पैदास होऊ नये म्हणून पाणी रोज बदलावे.

निवारा कोठे?

माळवदाच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती आणि लाकडी तुळया एकेकट्या माश्यांना सोयीच्या होत्या. सिमेंटच्या घरात आणि फरशी घातलेल्या अंगणात तशी जागा उरत नाही. उपाय साधा आहे. बागेच्या उन्हाच्या कोपऱ्यात हातभर जमीन मोकळी, न खणलेली आणि आच्छादनाशिवाय ठेवावी. शेवग्याची वाळकी फांदी आणि पेरापाशी कापलेले पोकळ बांबू पावसापासून आडोशाला बांधावेत. जमिनीत राहणाऱ्या माश्यांच्या पिल्लांना खोल कुदळणी घातक ठरते.

आग्याचे पोळे घराजवळ असेल, तर धूर करणे, दगड मारणे किंवा जाळणे जिवावर बेतू शकते. लहान मुले आणि जनावरे दूर ठेवावीत आणि प्रशिक्षित माणसाची मदत घ्यावी. पोळे उंच आणि वर्दळीपासून लांब असेल, तर माश्या हंगाम संपल्यावर बहुधा आपणहून निघून जातात.

निरीक्षण कसे करावे?

दुर्बीण किंवा महागडा कॅमेरा लागत नाही. ब्रिटनमधील परागवाहक गणनेत अर्धा मीटर लांब-रुंद चौकोनातील फुलांवर १० मिनिटांत आलेले कीटक मोजतात. हीच रीत परसबागेत चालते. वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख आणि वेळ, ऊन की ढग, फूल कोणते, कीटक किती आणि कसे, आणि कीटकाचे अंग पुंकेसराला लागले का. शेवटची नोंद महत्त्वाची, कारण काही कीटक फुलाला बाजूने भोक पाडून नुसता मकरंद नेतात.

नाव माहीत नसेल, तर ‘मोठा काळा भुंगा’, ‘निळे पट्टे’, ‘मुंगीएवढी माशी’ अशी ओळखही पुरते. मोबाइलवर फोटो काढून आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकला, तर जाणकार ओळख सुचवतात. ग्रामीण मराठवाड्यातून जाणारी प्रत्येक नोंद मोलाची आहे.

महिन्यातून दोनदा, एकाच जागी, वर्षभर अशी नोंद ठेवली, की बागेचा रिकामा महिना कोणता ते वहीतच दिसते. पुढच्या वर्षी लावायचे झाड त्या महिन्यात फुलणारे निवडावे. दोडक्याच्या मांडवाखाली संध्याकाळी दहा मिनिटे बसणे, ही त्याची सुरुवात होऊ शकते.