बोअर पाडण्याआधी

इस्लापूरहून सहस्रकुंडाकडे निघालात, की पैनगंगेचा काळा पाषाण तुमचे लक्ष वेधून घेतो. धबधबा पाहावयाचा आणि माघारी फिरावयाचे, अशी आपली रीत. पण नदीबरोबर थोडे पुढे चला. माहूरला डोंगरात कोरलेली लेणी आहेत, उनकेश्वरास गरम पाण्याची कुंडे नि यादवकालीन शिलालेख. आणखी खाली चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी लागते आणि सिमेंटचे कारखाने दिसू लागतात. त्या प्राचीन खडकांना भूवैज्ञानिकांनी पैनगंगेचेच नाव दिले आहे. तेव्हा खनिजाचा शोध सुरू होण्यापूर्वी जागेचा इतिहास पाहावा की नाही, हा प्रश्न आपल्याला काही परका नाही.

शोध म्हणजे खाण नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण यंत्र न्यायला वाट करावी लागते, चर खणावे लागतात, बोअर पाडावे लागतात. आणि गंमत अशी, की खनिज शोधणारा व पुरातत्त्वज्ञ पुष्कळदा एकाच खुणेवर येऊन थांबतात. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे जुन्या खाणींनी आधुनिक भूवैज्ञानिकांना वाट दाखविली. तेथेच १९८०नंतरच्या दशकात जस्त गाळण्याच्या जुन्या भट्ट्या उजेडात आल्या. वांग्याच्या आकाराच्या त्यांच्या मातीच्या मुशी गावकऱ्यांनी घराच्या भिंतींत बसविल्या होत्या! आपल्या शेजारी, निजामाबादकडे, कोनासमुद्रम आहे. तेथले पोलाद एके काळी तलवारींसाठी इराणपर्यंत जाई. लोखंड गाळल्यावर उरलेला काळा, जड मळ रानात पडलेला दिसला, तर यंत्रवाल्याला तो कचरा वाटेल. इतिहासाला तोच कागद आहे.

मग कायदा काय करतो? १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. १९९२च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत खाणकाम वर्ज्य ठरविले, त्यापुढे २०० मीटर परवानगीचे. पण हे संरक्षण यादीतल्या वास्तूंना. मळाचा ढीग, पांढरीचे टेकाड, वीरगळ यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याच यादीत नसतात. शिवाय पर्यावरण-मंजुरीची अट खाणीला आहे. नुसत्या शोधाला तीतून सूट आहे. म्हणजे पहिले यंत्र येते, तेव्हा कोणी काही विचारलेलेच नसते.

क्रम चुकला की काय होते, ते ऑस्ट्रेलियात दिसले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जूकन घळीत सुमारे ४६,००० वर्षांच्या वस्तीच्या खुणा असलेली शैलाश्रये होती. ती नष्ट करण्याची परवानगी रिओ टिंटो कंपनीला २०१३ साली मिळाली. उत्खननातून त्यांचे खरे मोल कळले २०१४ साली. परवानगी मात्र तशीच राहिली, आणि मे २०२०मध्ये सुरुंग उडाले. सगळे कायद्यात बसवून, बरे का!

म्हणून पहिला चर खणण्याआधी ती जागा पायी हिंडून पाहावी, ढीग नि दगड नकाशावर मांडावेत, आणि गुराख्याला सोबत घ्यावे. गोव्यात सांगे तालुक्यात, लोहखनिजाच्या मुलुखातच, कुशावतीकाठी उसगाळीमळची शिल्पे जांभ्या दगडावर कोरलेली आहेत. १९९३ साली ती अभ्यासकांच्या नजरेस आली ती गावकऱ्यांनी दाखविली म्हणून. त्या आधी कोणत्याही नकाशावर तेथे काही नव्हते.